तीन नंबरचं पाणी

"कान परत वाहायला लागलाय माझा," फळीच्या पलीकडून आवाज आला. "रात्रभर उशीवर टॉवेल घालून झोपले."

"पाण्याचा बोर्ड तर हिरवा आहे."

"बोर्डाला कुठे कान आहेत?"

दोघी हसल्या. मी अलीकडच्या आडोशात एका पायावर उभी राहून ओली पँट सोलून काढत होते. समुद्रकाठच्या या कपडे बदलायच्या खोलीत आडोसे म्हणजे नुसत्या फळ्या, वरून मोकळ्या, खालून मोकळ्या. शेजारणीचे पाय दिसतात आणि मनातलं सोडून बाकी सगळं ऐकू येतं. पायांवरून दोघींना ओळखलं मी. टाचेला भेगा पडलेले, उजवा जरा बाहेर वळलेला, ते शिवणकामवाल्या बाईंचे, चाळीस वर्षं मशीन चालवलेले. आणि नखं रंगवलेले बँकेतून रिटायर झालेल्या बाईंचे. रोज सकाळी पायऱ्यांवरून समुद्रात उतरणाऱ्या आठ-दहा जणींच्या टोळीतल्या या दोघी. माझी ताईही त्याच टोळीतली. मी मात्र टोळीतली नाही. मी किनाऱ्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली, दर मंगळवारी बाटल्या भरून नेणारी, म्हणून सगळ्यांची बाटलीवाली.

"लालटोपीवाल्यांचं ऐकलंत का? शुक्रवारी ऑपरेशन," शिवणकामवाल्या म्हणाल्या. "कानामागचं हाड पोखरलंय म्हणे."

"अगं बाई. आणि बहिणीला?"

"बाटलीवालीला नाही सांगितलेलं. तिला कळवू नका म्हणाल्या."

"का बरं?"

टॉवेल झटकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चारही पाय निघून गेले आणि फरशीवर त्यांचे ओले ठसे राहिले. मी तशीच उभी राहिले, पँटचा एक पाय आत, एक बाहेर. हसू येण्यासारखं ध्यान होतं, पण बघायला कोणी नव्हतं. लालटोपीवाली म्हणजे माझी ताई.

हाड पोखरलं याचीच आधी काळजी वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी टोचलं ते 'तिला कळवू नका'. आम्ही दोघीच बहिणी, मागे-पुढे कोणी नाही. तिच्याकडे दूध नासलं तरी मला फोन येतो. कालच संध्याकाळी वीस मिनिटं बोलली, वरच्या मजल्यावरची पाइप गळते आणि वरची बाई 'आमची नाहीच' म्हणते याबद्दल. मी म्हटलं, "मग पाणी काय आभाळातून गळतं का?" ती पोट धरून हसली. त्या हसण्याच्या आतल्या बाजूला शुक्रवार होता. ती फोन नेहमी उजव्या कानाला धरते. डाव्याने गेली दोन वर्षं तिला माझा आवाज ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं आणि मी ते माहीत असलेल्या गोष्टींच्या कप्प्यात ठेवून दिलं होतं. त्या कप्प्यात हात घालायची सवय मोडली की माणूस छान जगू शकतो, नोकरीही करू शकतो, वर्षाच्या वर्षं.

बाहेर गाडी उभी होती. मागच्या खोक्यात बर्फात चार बाटल्या, एकपासून चारपर्यंत चार ठिकाणांच्या. पाचवी रिकामी माझ्या पिशवीत असते, एखादी फुटली तर म्हणून. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा," आणि ओली पँट पुन्हा चढवून पायऱ्यांकडे गेले. त्याने आरशातून बघितलं. नऊ वर्षं तो मला मंगळवारी 'बाई, धक्क्याला ना?' एवढंच विचारत आलाय, आणि मी 'हो'. त्याने इंजिन बंद केलं. पायऱ्या शेवाळलेल्या, कडेला हाताला धरायला गंजलेल्या नळाचा कठडा. चाळीस पावलांवर नाल्याचं तोंड. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बांधलेला नाला. मागे नव्या इमारती उठल्या, त्यांनी आपापल्या मोऱ्या गुपचूप त्यालाच जोडल्या. हे सगळ्यांना ठाऊक आहे, जसं घरातल्या एखाद्या काकांचं पिणं सगळ्यांना ठाऊक असतं. मी मांडीइतक्या पाण्यात गेले. बाटली कोपरापर्यंत खाली न्यायची, झाकण पाण्याखालीच उघडायचं, तोंड प्रवाहाकडे, आपल्या अंगाचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, दोन बोटं हवा ठेवून झाकण लावायचं. हे मला कोणी कॉलेजात शिकवलं नाही. मी या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला म्हणून लागले होते. बघून बघून शिकले आणि इतरांना शिकवण्याइतकी शिकले. पाणी कोमट होतं. वास म्हणावा तर वास होता, नाही म्हणावा तर नव्हता. असे वास सवयीवर चालतात. मग फॉर्मवर लिहायचं असतं: वेळ, भरती की ओहोटी, वारा, आणि शेवटच्या रकान्यात, पाण्यात माणसं किती. मी मान वर करून मोजलं. अकरा. पलीकडे फळ्यांवर पालथे पडून लाटेची वाट बघणारे तिघे. चौदा. माझ्या भोवतीची, माझ्याच पाण्यातली माणसं. नऊ वर्षांत त्या रकान्यात मी पहिल्यांदा खरं लिहिलं.

आकडा आधीही चुकायचा नाही, हेच त्यातलं वाईट. धक्क्याच्या उतारावर उभी राहून मी तीनशे पावलांवरची ही डोकी मोजायचे, लाल टोपीपासून सुरुवात करून. माणसं पायऱ्यांची आणि पाणी धक्क्याचं. धक्क्याला पाणी खोल, वाहतं, आरशासारखं. तिथे कोणी पोहत नाही, तिथे बोटी लागतात. कागदावर तीन नंबर म्हणजे पायऱ्या. नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात पायऱ्या निखळल्या, तेव्हा आमच्या प्रमुखांनी सांगितलं, "सहा आठवडे धक्क्यावरून घ्या बाई, तात्पुरतं." त्यांना आम्ही एकेचाळीस साहेब म्हणतो, कारण इनक्यूबेटरचा, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार कपाटाचा, काटा एकेचाळिसावर आहे की नाही हे ते दिवसातून एकेचाळीस वेळा बघतात. भला माणूस. पायऱ्या दुरुस्त व्हायला चार महिने लागले. तोवर तीन नंबरचे आकडे इतके सुधारले की वरून शाबासकीचं पत्र आलं आणि वर्षानुवर्षं उन्हाळ्यात लाल होणारा बोर्ड हिरवा झाला तो झालाच. मी साहेबांना सांगितलं, "पायऱ्या झाल्या." ते म्हणाले, "हो का? बरं झालं. बघू." आणि इनक्यूबेटरकडे गेले. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तात्पुरत्या गोष्टींना माझ्याकडे एकूणच आयुष्य फार. नवरा एका वर्षाच्या तात्पुरत्या बदलीवर गेला होता. वर्ष संपलं, बदली संपली, तो तिकडेच राहिला. भांडण नाही, कागद नाही. त्याची छत्री अजून दाराआड आहे. मी ती हलवत नाही आणि उघडतही नाही.

पण मी साहेबांच्या डोक्यावर खापर फोडून मोकळी होईन तर खोटं बोलेन. दुसऱ्यांदा न विचारण्याचं कारण माझंही होतं. त्याच वर्षी भाऊजी वारले. ताई चार महिने खोलीतून बाहेर आली नाही. खिडकी बंद, केसांचा गुंता, जेवायला विचारलं की 'ठेव तिकडे'. शाळेत तीस वर्षं पोरांना रांगेत उभं करणारी बाई, तिला आंघोळीला उभं करायला मला अर्धा तास लागायचा. डॉक्टर म्हणाले काहीतरी व्यायाम. मी म्हटलं, "ताई, समुद्रावर चल. तिथे बायका पोहतात."

"मला कुठे येतं?"

"त्यांनाही येत नाही. नुसत्या तरंगतात आणि गप्पा मारतात."

"घाण असेल पाणी."

"मी तपासते ना गं," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. ते शब्द माझ्या तोंडचे, साहेबांनी सांगितलेले नव्हेत. पहिल्या दिवशी ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि नळाला धरून रडली. महिन्याभराने तिने लाल टोपी आणली, म्हणजे बुडाले तर दिसेन तरी म्हणाली. सहा महिन्यांनी मी धक्क्यावरून पाहिलं, ती टोपी इतरांच्या पुढे होती, चांगली तीस हात पुढे, आणि मागून कोणीतरी ओरडत होतं, 'अहो बाई, पलीकडच्या देशात जायचंय का?' माझ्या हातात भरलेली बाटली होती. मी ती खोक्यात ठेवली, लेबलवर लिहिलं तीन. बोर्ड लाल झाला तर पायऱ्यांना साखळी लागणार, आठ-आठ पंधरा-पंधरा दिवस. आणि ताई परत त्या खोलीत. दोन्ही गोष्टी मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होत्या, समोरच्या पायऱ्यांइतक्या. मी त्यांच्याकडे पाठ केली. पाठ करायला फार जोर लागत नाही, एकदा केली की ती तशीच राहते.

पहिल्यांदा कान दुखला तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. टेबलावर प्लॅस्टिकचा केवढा तरी मोठा कान, उघडा, आतल्या सगळ्या गल्ल्या दिसणारा. डॉक्टरने विचारलं, "पोहता का?" ताई म्हणाली, "हो, पण पाणी तपासलेलं असतं. ही माझी बहीणच तपासते." केवढ्या ठसक्यात. जसं एखादी म्हणेल, आमच्याकडे घरचं तूप असतं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी प्लॅस्टिकच्या कानाकडे. तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतर थेंब झाले, गोळ्या झाल्या, कापूस झाला, दुसरा उन्हाळा, तिसरा. दर वेळी बोलता आलं असतं, आणि दर वेळी मागच्या वेळेपेक्षा अवघड. आधी बोलले असते तर नुसती चूक होती. नंतर नंतर त्या चुकीला काय म्हणायचं तेच कळेना.

पाचव्या बाटलीवरही मी तीन लिहिलं. दुसरं काय लिहिणार, तोच तीन नंबर होता. प्रयोगशाळेत नेऊन तीन नंबरच्या दोन्ही बाटल्यांतलं पाणी गाळलं, गाळणीचा गोल कागद चिमट्याने उचलून काचेच्या बशीत ठेवला, झाकणांवर तारीख घातली आणि इनक्यूबेटरचं दार लावलं. चोवीस तास. या धंद्यातली ही गंमत आहे: आज घेतलेलं पाणी उद्या बोलतं. बोर्डावर जे लिहिलेलं असतं ते नेहमी गेलेल्या दिवसाचं असतं आणि माणसं आजच्या पाण्यात उतरतात. संध्याकाळी घरी गेले. कपभर चहा केला, प्यायचा राहिला. ताईचा फोन आला. पाइपवाला येऊन गेला म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं. माझ्या जिभेच्या टोकावर शुक्रवार होता आणि तिच्याही, आणि आम्ही दोघी पाइपबद्दल बोललो. फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाल्याचं बरं वाटलं. मला वाटत होतं, कपाटात अंधारात ते वाढतंय, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि या शहरात आज माझी वाट बघणारं तेवढंच कोणीतरी आहे.

बुधवारी बशा काढल्या. धक्क्याच्या पाण्याच्या बशीत जंतूंचे नऊ ठिपके. निळे, सुटे, शहाण्या पोरांसारखे बसलेले. शंभराच्या वर गेले की बोर्ड लाल. दुसरी बशी मी भिंगाखाली धरली आणि भिंग बाजूला ठेवलं. मोजण्यासारखं काही नव्हतं. ठिपके एकमेकांवर चढून त्यांची नुसती निळी साय झाली होती. आतड्यातून आलेलं, आतड्यातच राहायला हवं असलेलं. मी ताईच्या कानाच्या आतल्या गल्ल्या आठवायच्या नाहीत असं ठरवलं आणि त्याच आठवत राहिले. साहेब मागे येऊन उभे राहिले होते.

"ही कुठली?"

"तीन नंबर."

"तीन नंबर ही आहे ना, नऊवाली."

"ही पण तीनच, साहेब."

त्यांनी बशी उचलून उजेडाला धरली. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. माझ्याहून उंच माणूस, पण त्या क्षणी त्यांचा कोट त्यांना मोठा झाल्यासारखा वाटला. "बर्फ कमी पडला असेल," ते म्हणाले. "बाटली उन्हात राहिली असेल, ड्रायव्हरने गाडी उन्हात लावली असेल."

"सावलीत होती."

"झाकण नीट धुतलं नसेल."

"बत्तीस वर्षं धुतेय मी झाकणं."

"तसं नाही हो बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "मी आपलं कारण शोधतोय." मग वहीत नऊ लिहिला, पेनाचं टोपण लावलं. "पुढच्या मंगळवारी परत घेऊ. नीट घेऊ. मग बघू." जाताना त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला, अर्धा अर्धा, मोजून घेतल्यासारखा. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते मला देत होते तेच कारण मी इतकी वर्षं रोज स्वतःला देत होते. फक्त त्यांनी चहाबरोबर दिलं.

संध्याकाळी ताईचा फोन. "उद्या सकाळी पायऱ्यांवर येतेस का?" आवाज अगदी साधा. "मी काही उतरत नाही, कानात दुखतंय जरा. नुसती बसणार आहे. सगळ्याजणी आहेत. तुझी कामाची वेळ नसेल तर ये."

"येते," मी म्हटलं. ऑपरेशनचं ती तेव्हाही बोलली नाही.

गुरुवारी मी बाटली न घेता समुद्रावर गेले. हातांचं काय करायचं कळत नव्हतं. ताई वरच्या पायरीवर बसली होती, अंगावर शाल, डाव्या कानावर पट्टी, पट्टीवरून रुमाल. मला बघून रुमाल जरा पुढे ओढला. मी तिच्या उजवीकडे बसले. ओहोटी लागलेली, नाल्याच्या तोंडापासून एक राखाडी पट्टा पायऱ्यांपर्यंत आलेला. बँकवाल्या टोपीत केस कोंबत होत्या. शिवणकामवाल्या कानात मेणाचे गोळे दाबत होत्या आणि म्हणत होत्या, "आता कोणी मला शिव्या दिल्या तरी चालतील, आजचा दिवस फुकट." एक जण गुडघ्यापर्यंत उतरलीही होती, हाताने पाणी बाजूला सारत, जसं जेवणाआधी ताटातलं नको ते कडेला सारतात.

"काय हो बाटलीवाल्या बाई," बँकवाल्यांनी विचारलं, "कसंय आज पाणी?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. 'चांगलं आहे' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही नसतं. मी ताईकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती, पण तिचा शालीतला हात थांबला होता. मला एकदम कळलं की मी आत्ता गप्प बसले तर उद्या ती भूल घेऊन झोपेल आणि उठेल, तीन महिन्यांनी पुन्हा या पायऱ्यांवर येईल, उरलेला एक कान घेऊन, आणि कोणी विचारलं तर ठसक्यात सांगेल, माझी बहीण तपासते. आणि मी धक्क्यावरून तिला मोजेन.

"उतरू नका," मी म्हटलं. "बाहेर या. हे पाणी घाण आहे. मोजता येणार नाही इतकं घाण. मी परवा कित्येक वर्षांनी इथलं घेतलं. नऊ वर्षं मी तुमचं पाणी तपासलेलंच नाही. तिकडे धक्क्यावरचं तपासलं आणि इथलं म्हणून लिहिलं. बोर्ड खोटा आहे. ताई, तुझा कान…"

गुडघाभर पाण्यातली बाई हळूहळू मागे सरली, पायरीवर आली, आणि तिथेच उभी राहिली. शिवणकामवाल्यांनी कानातले गोळे काढले. त्यांना काही ऐकू आलं नसेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा ऐकलेल्या माणसाचा होता. मी वाट बघत होते. कोणीतरी ओरडेल, कोणीतरी 'म्हणजे काय' म्हणेल, तक्रार करू म्हणेल. कोणी दचकलंसुद्धा नाही. बँकवाल्यांनी टोपी काढली आणि ती उलटी करून बघू लागल्या, जशी काही आत नावनिशाणी शोधतायत. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत गेले. एकही माझ्याकडे बघेना. रागावलेली माणसं अशी नजर चुकवत नाहीत.

"तुम्हाला…" मी म्हटलं.

ताईने शालीतून हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. पँट कोरडी होती, तिने तरी उगाच पाणी निपटल्यासारखं केलं.

"पाण्यातून धक्का दिसतो गं," ती म्हणाली. "दर मंगळवारी तू तिथे वाकलेली दिसायचीस. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तू बोललीस तर पायऱ्या बंद होतील, म्हणून कोणीच विचारलं नाही तुला, ऑपरेशनचंही कळू दिलं नाही. कान गेला तर जाऊ दे म्हटलं. घरी एकटीला बसवत नव्हतं मला."